मेणाचा दात

दाढेला टोपी घालून घेणे ही गोष्ट आता बिदर-कलबुरगीकडील माणसास अपूर्वाईची राहिलेली नाही. दाढ किडते, ठणकते, रात्र रात्र जागवते. मग दंतवैद्य तिच्या मुळातील नस काढून टाकतो आणि पोकळी भरून घेतो. ठणका थांबतो, पण आतून कोरली गेलेली ती दाढ दुबळी झालेली असते. ज्वारीच्या कडक भाकरीचा किंवा भाजलेल्या हरभऱ्याचा एखादा घास असा बसतो की ती उभी चिरते, आणि मग ती काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून तिच्यावर चोहोबाजूंनी एक कवच चढवावे लागते. डॉक्टर त्याला क्राऊन म्हणतात, लोक कॅप म्हणतात, जुनी माणसे टोपी म्हणतात. 'दंतमुकुट' असाही एक पंडिती शब्द आहे. परंतु मुकुट मिरवण्यासाठी असतो आणि टोपी झाकण्यासाठी, तेव्हा या लेखात मी टोपीच म्हणणार आहे.

ही टोपी तयार कशी होते हे रोग्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. पहिल्या बैठकीत दाढ चोहोबाजूंनी घासून बारीक केली जाते आणि तिचा ठसा घेतला जातो; पुढच्या एखाद्या बैठकीत तयार टोपी तीवर चिकटवली जाते. मधले सारे काम दुसरीकडे, एका लहानशा कारखान्यात चालते. तेथील कारागीर ठशात जिप्समची पेस्ट ओतून दाढेची प्रतिकृती करतो आणि त्या प्रतिकृतीवर मेणाची टोपी कोरतो. चावण्याचे उंचवटे, मधल्या खाचा, शेजारच्या दाताला टेकणारी बाजू, सारे काही मेणात. मग त्या मेणाला तो एक बारीक काडी जोडतो आणि तिच्या टोकाशी नरसाळ्यासारखे तोंड ठेवून सगळ्यावर उष्णता सोसणाऱ्या मातीसारख्या द्रव्याचा लेप ओततो. लेप घट्ट झाला की तो भट्टीत जातो. मेण वितळून जळून जाते, आत दाढेच्या आकाराची पोकळी राहते, आणि काडीने सोडलेल्या वाटेने त्या पोकळीत वितळलेला धातू शिरतो. लेप फोडायचा, काडी कापायची, घासून झिलई द्यायची, टोपी तयार.

ही कृती ज्याने मानसोल्लास वाचला आहे त्याला ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही.

मानसोल्लास, ज्याला अभिलषितार्थचिंतामणि असेही नाव आहे, हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर आहे. त्याचा काळ शके १०५१ च्या सुमाराचा, म्हणजे इ. स. ११२९ ते ११३१ असा धरतात. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मराठी वाचकास हा ग्रंथ एका वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात आहे. ओवीच्या इतिहासावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो उद्धृत केला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी तो संपादून काढला. पहिला खंड १९२५ साली निघाला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, एकूण शंभर. आणि विषय म्हणाल तर राज्य मिळवण्यापासून मासे पकडण्यापर्यंत, हत्तीच्या चिकित्सेपासून विड्यापर्यंत. राजाने जगातील सारे सुखाचे ज्ञान एका ठिकाणी मांडावयाचे ठरवले होते असे दिसते.

या ग्रंथाच्या पहिल्याच विंशतीत, देवतांच्या भक्तीच्या प्रकरणात, धातूची मूर्ती ओतण्याचा विधी सुमारे वीस श्लोकांत सांगितला आहे. आधी मेणाची मूर्ती करावी. तिच्या पाठीशी, खांद्याशी, मस्तकाशी धोत्र्याच्या फुलासारख्या आकाराच्या लांब नळ्या बसवाव्यात. भाताच्या जळक्या तुसाची पूड, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून माती मळावी आणि ती मेणावर तीनदा लिंपावी. पहिला लेप अगदी पातळ, सावलीत वाळवलेला, मग दुसरा, आणि तिसरा जाड. नळ्यांची तोंडे मात्र उघडी ठेवावीत. मेणाचे वजन आधीच करून ठेवावे, कारण किती धातू लागेल हे त्यावरून ठरते: चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट. मग साचा तापवून मेण काढून टाकावे आणि नळीच्या तोंडातून वितळलेला धातू, धार न तोडता, तोंडाशी येईपर्यंत ओतावा. निवाल्यावर माती फोडावी, नळ्या कापाव्यात, मूर्ती उजळावी.

धोत्र्याच्या फुलाच्या आकाराची नळी आणि आजच्या कारागिराची नरसाळे-तोंडाची काडी ही एकच वस्तू आहे. पहिला लेप पातळ असावा हा नियमही एकच आहे, आणि त्याचे कारणही तेच: जो लेप मेणाला चिकटतो त्यातच रेषा आणि खाचा उमटतात. मेणाच्या वजनावरून धातूचे वजन काढण्याची रीतही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवली जाते.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मेण जाळून धातू ओतण्याची ही रीत कल्याणीत शोधली गेली नाही. मोहेंजोदडोची नर्तकी त्याच रीतीने ओतलेली आहे, चोळांच्या काळातील नटराज त्याच रीतीचे आहेत, आणि इजिप्तपासून इटलीपर्यंत तिचा वापर होता. कल्याणीचे महत्त्व इतकेच की तेथे ती शब्दांत उतरली, प्रमाणांसह आणि क्रमासह. हातातली विद्या पोथीत आली. त्यावरून उद्या कोणी 'दाताची टोपी प्रथम कल्याणीत' असे म्हणू लागला तर तो पोकळ अभिमान होईल. अशा अभिमानाला आपल्याकडे गिऱ्हाईक नेहमीच मिळते, म्हणून हे सांगितले. खरा प्रश्न उलटा आहे आणि तो अधिक बोचणारा आहे. ज्या गावात मेणाची मूर्ती ओतण्याचा विधी इतका नेमका लिहिला गेला, त्या गावातील माणसाची दाढ किडली तर पुढची सातशे-आठशे वर्षे तिला टोपी का मिळाली नाही?

दात किडत नव्हते असे तर मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास लुकाच आणि वाळिंबे यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या शेतकऱ्याचे दातही किडत होते. पुढे गूळ आला, आणि जात्याच्या दगडाची कच पिठातून रोज पोटात जाण्याआधी दाढेवरून जाऊ लागली. राखुंडीने आणि मिश्रीने हिरड्यांशी दात घासून घासून झिजणे हे तर आपल्या आजी-पणजीपर्यंत चालत आले. कलबुरगी जिल्ह्यातील काही गावांच्या विहिरींत फ्लोराईडचा अंश अधिक असतो आणि तेथील मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग पडतात, तो भूमीचाच दोष.

आणि वैद्यांनी दाताकडे दुर्लक्ष केले असेही नाही. सुश्रुताने दातांचे आठ रोग वेगळे सांगितले आहेत. किडीचा कृमिदंतक त्यांत आहे आणि दात मोडण्याचा भंजनकही आहे. हलणारा किडका दात उपटावा आणि त्याची खाच डागावी, पण वरचा दात हलत असला तरी उपटू नये, कारण अति रक्तस्राव होऊन भयंकर रोग जडतात, असे तो बजावतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याहून पुढची एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. किडलेला दात हलत नसेल तर त्यातील पोकळी गुळाने किंवा मेणाने भरावी आणि मग ती डागावी, असे तो सांगतो; सातवीणाच्या आणि रुईच्या चिकाने पोकळी भरण्याचाही उपाय त्यात आहे. अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री, आपला हेमाडपंत. आणि कल्याणी बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांच्याच हाती गेली होती. म्हणजे वाग्भट या मुलखात परका नव्हता.

वैद्याच्या हाती मेण होते, ते तो दाताच्या पोकळीत भरून तापल्या शलाकेने वितळवीत असे. ओताऱ्याच्या हातीही मेणच होते, तो ते मातीत कोंडून तापवून काढीत असे. संस्कृतात दोघांच्या मेणाला एकच शब्द आहे, मधूच्छिष्ट. ही दोन मेणे एकमेकांस भेटली नाहीत.

ती भेटण्याची जागा मात्र होती. सोमेश्वराच्या ग्रंथानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, बिज्जळाच्या राज्यात, त्याच कल्याणीत बसवेश्वरांच्या भोवती शरणांचा मेळा जमला. अनुभवमंटपात बसणाऱ्यांत परंपरेने जी नावे घेतली जातात त्यांत नावाडी आहे, चांभार आहे, दोरखंड वळणारा आहे. वैद्य संगण्णा आहे, ज्याच्या वचनांत रोग आणि औषध यांच्या उपमा येतात. आणि किन्नरी बोम्मय्या आहे, जो किन्नरी वाजवू लागण्यापूर्वी सोनारकाम करीत होता असे सांगतात. वैद्य आणि सोनार एका बैठकीत, आणि ज्या बैठकीचा सिद्धांतच असा की हाताचे काम, म्हणजे कायक, हीच पूजा होय. ती बैठक फार दिवस टिकली नाही. कल्याणीत रक्तपात झाला, शरण पांगले. त्या मेळ्यात दाताची चर्चा झाली असती असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांच्यापुढे याहून मोठे प्रश्न होते. मी एवढेच म्हणतो की वैद्याला आणि सोनाराला शेजारी बसवणारी व्यवस्था या भूमीत एकदा निर्माण झाली होती आणि ती मोडली गेली. त्यानंतर वैद्याचा मुलगा वैद्य झाला, सोनाराचा सोनार, ओताऱ्याचा ओतारी, आणि पोथी वाचणाऱ्याने मूस हाती धरली नाही.

सोनार दातापर्यंत अजिबात पोचला नाही असे समजणेही चूक होईल. सन ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत कनोजचा राजा जयचंद्र पडला. प्रेतांच्या राशीत त्याचा देह ओळखू येईना. शेवटी तो दातांवरून ओळखला गेला, कारण त्याचे दात मुळाशी सैल झाले होते व ते सोन्याच्या तारेने बांधलेले होते. इब्न अल-असीर या समकालीन अरब इतिहासकाराने ही हकीकत दिली आहे, आणि चारशे वर्षांनंतर विजापुरात बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्यानेही ही खूण नोंदली आहे. फिरिश्ता हा आपल्या भागाचा माणूस. अहमदनगरहून तो १५८९ साली विजापुरास आला. तो नुसता इतिहासकार नव्हता, हिंदुस्थानी वैद्यकावर त्याने फारसीत एक ग्रंथही लिहिला आहे. राजाच्या मृत्यूच्या कथेत दाताच्या तारेला जागा देताना त्याच्यातील वैद्य जागा झाला असेल काय? मला तसे वाटते खरे.

तर सोनार हलता दात शेजारच्या दाताला बांधू शकत होता. सोन्याची तार मऊ, तोंडात न गंजणारी; तिला पिळा दिला की झाले. राजस्थानात समोरच्या दातात सोन्याची चूंप बसवण्याची हौसही जुनी आहे. पण तार बांधणे वेगळे आणि टोपी घालणे वेगळे. बांधण्याने दात पडावयाचा थांबतो, किडावयाचा थांबत नाही.

मुसलमानी अमलात वैद्यकाला राजाश्रय कमी पडला नाही. बहमनी राज्याची पहिली राजधानी कलबुरगी, सन १३४७ पासून. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बिदरला गेली. सुलतान अलाउद्दीन अहमद याने, ज्याची कारकीर्द १४३६ ते १४५८ अशी आहे, बिदरला एक दवाखाना बांधला, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली, आणि त्यात हिंदू वैद्य व मुसलमान हकीम असे दोन्ही नेमले. ही हकीकतही फिरिश्त्याचीच. महमूद गवानाचा मदरसा उभा राहिला तो १४७२ साली, म्हणजे त्यानंतर. वैद्य आणि हकीम एका छपराखाली आले. कारागीर मात्र बाहेरच राहिला.

बाहेर म्हणजे किती बाहेर? किल्ल्याच्या तटाबाहेरच्या गल्लीत. याच बिदरात बिदरी काम फुलले, ज्याला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्यातील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. बिदरीचा धातू म्हणजे जस्त फार आणि तांबे थोडे, सुमारे सोळास एक. बिदरीचे भांडे मेणावर नव्हे, वाळूमातीच्या साच्यात ओततात. मग कारागीर त्यावर छिन्नीने नक्षी खोदतो आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. कोठेही डिंक नाही, डाक नाही; चांदी खाचेच्या पकडीवरच बसते. शेवटी किल्ल्यातील जुन्या जागेची माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात भांडे बुडवले की जस्त काळेभोर होते आणि चांदी पांढरीच राहते. आता दंतवैद्यकाकडे पाहा. किडका भाग कोरून त्या खाचेत धातू अशा रीतीने बसवणे की तो पकडीवरच टिकावा, ही दात भरण्याच्या विद्येतील पहिली गोष्ट. आणि टोपी दाढेवर ज्या सिमेंटने चिकटवतात त्यातील सर्वांत जुने आणि दीर्घकाळ सर्वांत विश्वासू सिमेंट म्हणजे जस्ताच्या भस्माची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल यांचे मिश्रण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात ते प्रचारात आले. खाच होती, पकड होती, जस्त होते.

मग नव्हते काय? हे पाहण्यासाठी टोपी जेथे जन्मली तेथे गेले पाहिजे. पॅरिसच्या पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर आपला ग्रंथ छापला आणि त्यात मुळात खुंटी बसवून वर कृत्रिम दात घालण्याची रीत दिली. १७४६ साली मुतॉं याने दाढेवर सोन्याच्या पत्र्याची टोपी चढविण्याचे वर्णन केले. पण या टोप्या ठोकून वाकवून केलेल्या, सोनाराच्या टोपणासारख्या. त्या दाढेला नेमक्या बसत नसत, आणि जेथे फट राही तेथून कीड पुन्हा शिरे. नेमकी टोपी करावयाची तर दाढच आधी घासून सारखी करावी लागते, आणि जिवंत दाढ घासावयाची तर चक्राकार फिरणारे हत्यार हवे आणि वेदना थांबवणारे औषध हवे. पायाने चालवावयाचे दंतयंत्र मॉरिसन याने १८७१ साली केले. कोकेनने शरीराचा एखादाच भाग बधिर करता येतो हे १८८४ साली सिद्ध झाले आणि लवकरच ते जबड्याच्या नसेपाशी टोचले जाऊ लागले; १९०५ च्या सुमारास त्याहून निर्धोक असे प्रोकेन आले. दात कोरणे ही गोष्ट त्याआधीही माणसाला जमली होती: बलुचिस्तानातील मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांचे अकरा दात गारगोटीच्या टोकाने कोरलेले सापडले, हे २००६ साली प्रसिद्ध झाले. ती विद्या तेथेच लुप्त झाली.

शेवटचा दुवा मेणाचा. जानेवारी १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगर्टने न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांसमोर एक निबंध वाचला. दातातील खाचेत बसेल असा मेणाचा तुकडा करावयाचा, तो लेपात कोंडून जाळावयाचा, आणि त्या पोकळीत सोने ओतावयाचे. सभागृहात बसलेल्यांना हे एखाद्या चमत्कारासारखे वाटले. टॅगर्टने त्याचे पेटंट घेतले आणि जे दंतवैद्य ही रीत वापरीत त्यांच्यावर दावे लावले. पुढे कोर्टात असे उघडकीस आले की आयोवा प्रांतातील फिलब्रूक नावाच्या एका अप्रसिद्ध दंतवैद्याने दहा वर्षांपूर्वीच हीच रीत आपल्या प्रांतीय सभेत सांगितली होती, आणि कोणी तिकडे लक्ष दिले नव्हते. पेटंट टिकले नाही. हा दावा चालू असता कोणी न्यायाधीशापुढे मानसोल्लास ठेवला असता तर काय झाले असते, असा एक खेळकर विचार मनात येतो; पण तो दाव्याच्या कामाचा नव्हता, कारण मूर्ती आणि दाढ यांत एक मोठा भेद आहे, आणि टॅगर्टचे खरे श्रेय त्या भेदातच आहे.

वितळलेले सोने निवताना आकसते, शेकडा सव्वा-दीड इतके. मूर्ती केसभर लहान झाली तर भक्ताला ते कळत नाही आणि देवालाही त्याचे काही वाटत नाही. दाढेची टोपी केसभर लहान झाली तर ती दाढेवर चढतच नाही. म्हणून धातू जितका आकसणार तितका साचा आधी फुगला पाहिजे. जिप्सम आणि गारेची पूड यांच्या मिश्रणाने तो तसा फुगवण्याचा हिशोब पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत बसला. दुसरी अडचण लहानपणाची. मूर्तीच्या नळीत धातू आपल्या भारानेच उतरतो. दाढेएवढ्या पोकळीच्या बारीक तोंडावर मात्र सोन्याचा थेंब मण्यासारखा अडून बसतो, त्याला आत ढकलावे लागते. टॅगर्टने त्यासाठी वायूचा दाब वापरला. नंतरच्या कारागिरांनी स्प्रिंगच्या जोराने गरगर फिरणारे यंत्र वापरले. सोमेश्वराच्या ओताऱ्याला या दोन्ही अडचणी कधी आल्याच नाहीत, कारण त्याला कोणी इतकी लहान आणि इतकी नेमकी वस्तू मागितली नाही. आणि मागणारा कोण? वैद्य. तो तर मेण पोकळीत भरून डागीत होता.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कौशल्य कमी होते असे नाही. एका धंद्याची अडचण दुसऱ्या धंद्याच्या कानी पडत नव्हती. फोशारचे मोठेपण केवळ त्याच्या रीतींत नाही. दातकाढ्यांच्या गुप्त युक्त्या त्याने छापून उघड केल्या, यात ते आहे.

निजामाच्या राज्यात, ज्यात बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे होते, वेदनाशमनाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध अध्याय घडला: हैदराबादेचे १८८८ आणि १८८९ चे क्लोरोफॉर्म आयोग. सर्जन एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या खर्चाने ते चालवले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक, रूपाबाई फर्दूनजी, त्या कामात होत्या. लंडनच्या वैद्यकीय पत्रांतून हैदराबादचे नाव गाजले. परंतु त्याच राज्यातील भालकीच्या किंवा आळंदच्या बाजारात दात उपटणारा माणूस झाडाखाली चिमटा घेऊन बसतच होता, आणि त्याच्याकडे क्लोरोफॉर्म नव्हता, कोकेनही नव्हते. मुंबई-कलकत्त्यात चिनी दंतवैद्यांची दुकाने निघाली. ज्याला मुंबईस जाणे परवडले तो तेथून सोन्याचा दात घेऊन आला, आणि हसताना तो दिसेल इतके तोंड उघडू लागला. बाकीच्यांसाठी एकच उपाय, काढून टाकणे.

शिक्षणाचा मार्गही दूरचा होता. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे १९३३ साली निघाले. देशाचा दंतवैद्यकाचा कायदा मार्च १९४८ मध्ये झाला, तेव्हा बिदर आणि गुलबर्गा अद्याप निजामाकडेच होते. सप्टेंबरात ते भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात. भाषेचा हिशोब झाला. दुखऱ्या दाढेने कोणत्या राजधानीचा रस्ता धरावा हा हिशोब ज्याचा त्याने करावयाचा होता. बंगळूरला सरकारी दंतमहाविद्यालय १९५८ साली निघाले, हैदराबादला १९५९ साली. पुढे काही दशकांनी कलबुरगीला आणि बिदरलाही दंतवैद्यकाची महाविद्यालये झाली, आणि झाडाखालचा चिमटा मागे पडू लागला.

धातूच्या टोपीवर चिनी मातीचा दातासारखा थर भाजून बसवण्याची खात्रीची रीत १९६२ च्या पेटंटांनंतर रूढ झाली, आणि सोन्याचा मान कमी झाला; लोकांना आता दात दाखवावयाचा नसतो, लपवावयाचा असतो. परंतु टोपीचे खरे शत्रू दोन, खर्च आणि उशीर. नस काढून ठणका थांबला की माणूस पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाही. सुगी आटोपू दे, लग्न आटोपू दे, मग पाहू. दरम्यान दाढ चिरते. दंतवैद्य जे सांगतो ते पटत नाही असे नाही. न दुखणाऱ्या गोष्टीवर पैसा घालण्याची सवय आपल्याला नाही, एवढेच. बैलाच्या शिंगाला पितळी टोपी हौसेने घालणारा शेतकरी स्वतःच्या दाढेच्या टोपीपाशी मात्र घासाघीस करतो, हे मी थट्टेने म्हणत नाही. बैलाची टोपी गावाला दिसते.

आता मेणही चालले आहे. झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या, कठीण द्रव्याच्या ठोकळ्यातून संगणकाच्या आज्ञेने यंत्र सबंध टोपी कोरून काढते. ठसा प्रकाशाने घेतात, साचा नाही, भट्टीतून मेण निथळणे नाही, धोत्र्याच्या फुलाची नळी नाही. मोठ्या शहरांत ही रीत झपाट्याने पसरली आहे आणि लहान शहरांतही पोचते आहे. तरीही दंतमहाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम एक मेणाचा ठोकळा आणि एक कोरणी दिली जाते. त्या मेणातून त्याने समोरचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा, एकेक उंचवटा आणि एकेक खाच मापाने कोरून दाखवावयाची असते, आणि परीक्षेत त्याचे गुण असतात.